लॅपटॉपवर उशिरा येणारा आवाज आणि माझा त्रिताल

गेल्या दिवाळीनंतर सलग सहा आठवडे माझ्या प्रत्येक ध्वनिमुद्रणावर गुरुजींचा एकच अभिप्राय येत होता: "बोल स्वच्छ आहेत, पण समेच्या मागे येतेस." बोल म्हणजे तबल्यावरचे आघात, आणि सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची, म्हणजे एका फेरीची, पहिली मात्रा. मी कोल्हापुरात राहते, शाळेत शिकवते आणि गेली नऊ वर्षे तबला शिकते. गुरुजी त्यांच्या मुलाकडे पुण्याला राहायला गेल्यापासून समोर बसून शिकणे महिन्यातून एखाद्याच वेळी घडते, म्हणून दर रविवारी लेहऱ्यावर (तालाच्या आवर्तनात फिरत राहणाऱ्या हार्मोनियमच्या धुनेवर) वाजवलेले वीस मिनिटांचे मुद्रण त्यांना पाठवायचे आणि त्यांनी ते ऐकून दुरुस्त्या सांगायच्या, असा क्रम आम्ही ठरवून घेतला आहे. लेहरा लॅपटॉपवर वाजतो, तो मी हेडफोनमधून ऐकते, समोरच्या यूएसबी मायक्रोफोनवर तबला रेकॉर्ड होतो आणि शेवटी दोन्ही ट्रॅक एकत्र करून फाइल तयार होते. यासाठी मी ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर वापरते. ते विनामूल्य आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही नीट चालते.

त्या सहा आठवड्यांत मी माझ्या लयीवर जितकी मेहनत घेतली तितकी त्याआधीच्या वर्षभरात घेतली नसेल. पहाटे उठून नुसता ठेका (तालाचे मूळ बोल), हाताने टाळी देत पढंत (बोल तोंडाने म्हणणे), पुन्हा ठेका, आणि रविवारी मुद्रण ऐकले की बोल खरोखरच मागे. वाजवत असताना मात्र सम अगदी बरोबर पडल्याची खात्री असायची. वाजवताना कानाला जे बरोबर वाटते ते नंतर ऐकताना चुकीचे ठरते, या अनुभवाने विद्यार्थ्याचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडतो, आणि तबला शिकणाऱ्याच्या बाबतीत याहून मोठे नुकसान नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे. घरी लॅपटॉपवर रियाज मुद्रित करणारे विद्यार्थी आता पुष्कळ आहेत.

उलगडा झाला तो गुरुजींच्याच कानामुळे. सातव्या मुद्रणानंतर त्यांनी फोन केला आणि म्हणाले, "विलंबितात तू किंचित ओढून वाजवतेस असे वाटते, आणि द्रुतात तर जवळजवळ पुढच्या मात्रेवर जाऊन पडतेस. एकाच हाताचे असे दोन प्रकार कसे होतील?" संध्याकाळी या प्रश्नावर विचार करताना मी कागदावर हिशेब मांडला. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, मिनिटाला ६० मात्रा (तालाचे ठोके) धरल्या तर एक मात्रा १,००० मिलीसेकंदांची असते, आणि द्रुतात, म्हणजे जलद लयीत, मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर ती फक्त २५० मिलीसेकंदांची उरते. वाजवणाऱ्याची लय कच्ची असेल तर चूक सर्वसाधारणपणे मात्रेच्या प्रमाणात होते; लय वाढली की मात्रा आखडते आणि तिच्याबरोबर चुकीचे अंतरही आखडते. इथे मात्र विलंबितात मात्रेचा पाचवा हिस्सा आणि द्रुतात जवळजवळ पूर्ण मात्रा, म्हणजे दोन्हीकडे सुमारे २०० मिलीसेकंद. लय कोणतीही असो, मागे राहण्याचा काळ तोच. माणसाचा हात असे चुकत नाही. ठरावीक काळाचा विलंब हा यंत्राचाच असतो.

मग ऑडॅसिटीमध्ये दोन्ही ट्रॅकच्या लहरी मोठ्या करून पाहिल्या. 'धा'चा आघात लहरीत सरळ उभ्या रेषेसारखा दिसतो, पण हार्मोनियमचा सूर हळूहळू भरत येतो, त्यामुळे लेहऱ्याची सम नेमकी कुठे सुरू होते हे लहरीवरून अचूक ठरवता येईना. तरीही प्रत्येक आवर्तनात अंतर साधारण तेवढेच होते. आता लेहऱ्याऐवजी तीक्ष्ण आघाताचा आवाज घेऊन मोजणे आवश्यक होते.

मोजण्याची रीत कोणालाही घरी करता येईल अशी आहे. ऑडॅसिटीमध्ये नुसता ठोका देणारा ट्रॅक तयार करता येतो. तो मी मिनिटाला ६० ठोक्यांचा केला. दोन ठोक्यांमधले अंतर एका सेकंदाचे असले की कोणता ठोका कोणत्या ठोक्याचा प्रतिध्वनी आहे याविषयी गोंधळ होत नाही. हेडफोनचा एक कान मायक्रोफोनवर टेकवून ठेवला, आधीचा ट्रॅक वाजत असताना नवा ट्रॅक मुद्रित होईल अशी व्यवस्था केली आणि अर्धा मिनिट रेकॉर्डिंग केले. आता वर मूळ ठोके होते आणि खाली तेच ठोके हेडफोनमधून बाहेर पडून मायक्रोफोनमार्गे परत आलेले. दोहोंतले अंतर निवडले की खालच्या पट्टीवर ते मिलीसेकंदांत वाचता येते. हे करण्यापूर्वी दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. ऑडॅसिटीच्या सेटिंगमध्ये विलंबाची भरपाई करणारा एक आकडा असतो, तो आधी शून्य करावा. आणि मायक्रोफोनवरील आवाज-सुधारणा बंद करावी, कारण गोंगाट काढून टाकणारी ती सोय ठोक्यालाच गोंगाट समजून पुसून टाकते. माझे पहिले दोन प्रयत्न याच कारणाने फुकट गेले होते.

दहा ठोक्यांची सरासरी आली ३३८ मिलीसेकंद. नंतर कपाटातले जुने, वायरचे हेडफोन काढले, लॅपटॉपला जोडले आणि तीच चाचणी पुन्हा घेतली. या वेळी सरासरी आली १२४. म्हणजे दिवाळीत हौसेने घेतलेल्या ब्लूटूथ हेडफोनमुळे २१४ मिलीसेकंदांची भर पडत होती.

आता भरपाईच्या आकड्याकडे वळू, कारण माझ्या प्रश्नाचे मूळ तिथे होते. तुम्ही लेहरा ऐकता तो लॅपटॉपने 'वाजवला' त्या क्षणानंतर काही काळाने, आणि तुमचा तबला लॅपटॉपपर्यंत पोहोचतो तोही वाजल्यानंतर काही काळाने. या दोन विलंबांची बेरीज तुमच्या मुद्रणात तबला मागे सरकण्याच्या रूपाने उतरते. ऑडॅसिटी हे ओळखून असते आणि मुद्रण संपले की नवा ट्रॅक ठरावीक काळाने आपोआप अलीकडे, म्हणजे सुरुवातीच्या दिशेने ओढते. मूळ सेटिंगमध्ये हा आकडा उणे १३० मिलीसेकंद असतो. माझ्या वायरच्या हेडफोनचा विलंब १२४, म्हणजे फरक अवघा ६ मिलीसेकंदांचा. दिवाळीपूर्वीची सगळी मुद्रणे व्यवस्थित का होती, याचे उत्तर मिळाले: कोणाच्याही लक्षात न येता हा आकडा माझे काम चोख करत होता. ब्लूटूथ आल्यावर ३३८ मधून १३० वजा झाले आणि २०८ उरले. द्रुतातल्या २५० मिलीसेकंदांच्या मात्रेत २०८ म्हणजे गुरुजी म्हणाले तसे 'जवळजवळ पुढची मात्रा'. मी वाजवताना माझा तबला प्रत्यक्ष कानाने ऐकत होते आणि लेहरा उशिराने, पण सलग ऐकत होते, त्यामुळे माझ्यापुरते दोन्ही जुळलेलेच होते. फाइलमध्ये मात्र लेहरा त्याच्या मूळ जागी आणि तबला २०८ मिलीसेकंद मागे, असे ते उतरत होते.

ब्लूटूथला इतका वेळ का लागतो, हे समजून घेतले की पुढच्या निवडी सोप्या होतात. वायरमधून विजेचा संकेत थेट हेडफोनमधल्या कंप पावणाऱ्या पडद्यापर्यंत जातो. ब्लूटूथमध्ये आवाजाचे आधी लहान लहान तुकडे केले जातात, प्रत्येक तुकडा आकसून बांधला जातो, रेडिओलहरींवरून पाठवला जातो, हेडफोनमध्ये तो पुन्हा उलगडला जातो, आणि वाटेत एखादा तुकडा हरवला तर तो परत मागवता यावा म्हणून हेडफोन बराचसा आवाज आधीच साठवून ठेवतो. या साठवणीला बफर म्हणतात आणि विलंबाचा मोठा वाटा तिचाच असतो. साठा मोठा असेल तर आवाज तुटत नाही पण उशिरा येतो. साठा लहान असेल तर आवाज लवकर येतो पण मायक्रोवेव्ह सुरू झाला किंवा खिशातला फोन आड आला तरी तुटू लागतो. एसबीसी ही बांधणीची पद्धत संगीत ऐकवणाऱ्या प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनला यावीच लागते, आणि तिच्यावर १५० ते २५० मिलीसेकंदांचा विलंब नित्याचा आहे. अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सी नावाच्या पद्धतीत तो ४० मिलीसेकंदांच्या आसपास आणता येतो, परंतु ती लॅपटॉप आणि हेडफोन या दोघांनाही यावी लागते, एकाला येऊन भागत नाही. ब्लूटूथच्या २०२० मधल्या ५.२ आवृत्तीपासून पाया घातला गेलेल्या एलई ऑडिओमध्ये एलसी३ ही नवी बांधणी आली असून तिच्यात विलंब बराच कमी ठेवता येतो. तिथेही दोन्ही बाजू नव्या असाव्या लागतात.

एक शंका माझ्या मनात बराच काळ होती. हेच हेडफोन लावून मी मैफलींचे व्हिडिओ पाहत होते आणि त्यांत तबलजीचा हात व आवाज यांत काहीच अंतर जाणवत नव्हते. २०० मिलीसेकंदांचा विलंब असेल तर तो तिथे का दिसत नाही? याचे कारण असे की ब्लूटूथ हेडफोन स्वतःचा विलंब लॅपटॉपला कळवू शकतो, आणि व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम तेवढा वेळ चित्रच थांबवून धरतो. आवाज उशिरा येणार हे माहीत असल्याने तो चित्रालाही उशीर करतो आणि दोघे बरोबरीने पोहोचतात. ही युक्ती सुंदर आहे, पण ती आधीच तयार असलेल्या चित्रावरच चालते. माझा हात तबल्यावर पडण्याचा क्षण कोणत्याही प्रोग्रामला थोपवून धरता येत नाही. त्यामुळे 'व्हिडिओ तर ठीक दिसतो' हा हेडफोन निर्दोष असल्याचा पुरावा होत नाही. वाजवणाऱ्यांनी, संगणकावर खेळणाऱ्यांनी, आणि स्क्रीन रीडरच्या साहाय्याने प्रत्येक कळ ऐकून टाइप करणाऱ्या दृष्टिहीन मित्रांनी तर हे अवश्य ध्यानात ठेवावे. त्यांच्या बाबतीत कळ दाबणे आणि अक्षर ऐकू येणे यांतले अंतर दिवसभरात हजारो वेळा सोसावे लागते, आणि त्यांच्या थकव्याचे कारण हेडफोनमध्ये असू शकते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

किती विलंब माणसाला जाणवतो, याविषयी दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात पुष्कळ काम झालेले आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलीसेकंद आधी आला तर प्रेक्षकाला ते कळू लागते, पण चित्रानंतर आला तर १२५ मिलीसेकंदांपर्यंत कळत नाही. मागे राहणे आपण इतके सोसतो आणि पुढे येणे सोसत नाही, हे स्वाभाविक वाटते. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून ऐकू येतो, मैदानाच्या पलीकडे धोबी कपडा आपटताना आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो, या क्रमाची आपल्याला जन्मापासून सवय असते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे सभागृहात तबल्यापासून दहा मीटरवर बसलेल्या श्रोत्याला प्रत्येक बोल २९ मिलीसेकंद उशिरानेच ऐकू येत असतो. वाजवणाऱ्याचा हिशेब मात्र पूर्णपणे वेगळा आहे. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत एका मात्रेत चार बोल वाजवले तर प्रत्येक बोलाच्या वाट्याला ६२.५ मिलीसेकंद येतात. प्रेक्षकाच्या नजरेतून सुटणाऱ्या १२५ मिलीसेकंदांत तबलजीचे दोन बोल होऊन जातात.

कारण सापडल्यावर सर्वांत सोपा उपाय होता भरपाईचा आकडा बदलून उणे ३३८ करण्याचा. तो मी करून पाहिला आणि दोन दिवसांत सोडून दिला. ब्लूटूथचा विलंब स्थिर राहत नाही. हेडफोन बंद करून पुन्हा जोडला की तो दहा-वीस मिलीसेकंदांनी बदललेला आढळतो, आणि एकाच बैठकीतही थोडासा सरकतो. ज्या मापाची पट्टीच लांबी बदलते त्या पट्टीने मोजण्यात अर्थ नाही, म्हणून मुद्रणापुरते ब्लूटूथ पूर्णपणे बाजूला ठेवले.

वायरवर परतल्यावर सम जागेवर आली, परंतु वीस मिनिटांच्या मुद्रणात आणखी एक बारीक गोष्ट दिसली. पहिल्या आवर्तनात तबला लेहऱ्याशी बरोबर जुळत होता आणि शेवटच्या आवर्तनात तो काही मिलीसेकंदांनी सरकलेला होता. हा विलंब स्थिर नव्हता, वाढत जाणारा होता, आणि त्याचे कारण वेगळे निघाले. लेहरा लॅपटॉपच्या साउंड कार्डमधून बाहेर पडत होता आणि तबला यूएसबी मायक्रोफोनमधून आत येत होता. या दोन्ही उपकरणांत स्वतःचे घड्याळ असते, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने मोजणारा स्फटिक असतो, आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे चालत नाहीत. समजा दोहोंत दशलक्षात ५० इतकाच फरक आहे. तरी २० मिनिटांच्या म्हणजे १,२०० सेकंदांच्या मुद्रणात तो ६० मिलीसेकंदांपर्यंत साचतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे द्रुतात तेवढ्यात एक बोल मावतो. अशा सरकण्यावर भरपाईच्या एका आकड्याचा काहीही उपयोग होत नाही. आवाज आत येणे आणि बाहेर जाणे ही दोन्ही कामे एकाच उपकरणाकडे सोपवणे हाच त्यावरचा उपाय आहे. माझ्या मायक्रोफोनच्या बुडाशी हेडफोन लावायचे छिद्र होते. दोन वर्षे ते मी वापरलेच नव्हते. लेहराही आता त्याच छिद्रातून ऐकते. एकच घड्याळ दोन्हीकडे चालत असल्याने शेवटचे आवर्तन पहिल्यासारखेच जुळलेले असते. नव्याने मोजल्यावर विलंब ११८ आला, तो आकडा सेटिंगमध्ये भरला, आणि त्यानंतर महिनाभराने पुन्हा मोजला तेव्हाही तो एखाद्या मिलीसेकंदापलीकडे बदललेला नव्हता.

ज्यांना रेकॉर्ड करताना स्वतःचे वाद्य किंवा गळा हेडफोनमध्ये ऐकायचा असतो, त्यांनी तो प्रोग्राममार्फत ऐकू नये. प्रोग्राममधून फिरून येणारा आवाज बफर ओलांडून येतो आणि प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो. मायक्रोफोनच्या छिद्रातून थेट ऐकला तर तो लॅपटॉपपर्यंत जातच नाही, त्यामुळे उशीर होण्याचा प्रश्नच उरत नाही. गाणाऱ्यांना याचा माझ्याहून अधिक फायदा होईल. प्रोग्राममधूनच ऐकणे भाग असेल, तर बफर लहान करावा. त्याचे गणित सरळ आहे: बफरमधल्या नमुन्यांच्या संख्येला सेकंदातल्या नमुन्यांनी भागायचे. ४८,००० च्या वेगाने १,०२४ नमुन्यांचा बफर २१.३ मिलीसेकंदांचा होतो आणि २५६ नमुन्यांचा ५.३ मिलीसेकंदांचा. तो फार लहान केला तर लॅपटॉपची दमछाक होते आणि आवाजात चरचर येते, म्हणून पायरीपायरीने खाली यावे आणि चरचर सुरू झाली की एक पायरी वर जावे.

चरचरीचा मलाही अनुभव आला, पण बफरमुळे नव्हे. दर काही मिनिटांनी आवाज क्षणभर तुटत असे आणि त्यानंतर सगळेच किंचित मागे पडत असे. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचा एक प्रोग्राम मिळतो. लॅपटॉपमधला कोणता ड्रायव्हर (एखादे उपकरण चालवणारा प्रोग्राम) प्रोसेसरला अडवून धरतो आणि आवाजाला त्याची पाळी वेळेवर मिळू देत नाही, हे तो दाखवतो. तो दहा मिनिटे चालू ठेवल्यावर वायफायच्या ड्रायव्हरकडे बोट गेले. लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घातल्यावर तुटणे बरेच कमी झाले. पूर्ण थांबले ते मुद्रणाच्या वेळी वायफाय बंद ठेवायला आणि चार्जर जोडून वीजबचतीची सोय काढून टाकायला सुरुवात केल्यावर. आता तबल्यासमोर बसण्यापूर्वी तबला सुरात लावून झाला की वायफाय बंद करणे हा माझ्या बैठकीचा भाग झाला आहे.

पहिला बोल गिळला जाण्याची तक्रार बरेच जण करतात आणि तिलाही 'आवाज उशिरा येतो' असेच म्हणतात, परंतु ती वेगळी गोष्ट आहे. काही क्षण शांतता असली की वीज वाचवण्यासाठी लॅपटॉपचे साउंड कार्ड झोपते, आणि त्याला जागे व्हायला लागणाऱ्या वेळात आवाजाची सुरुवात निघून जाते. लिनक्सवर ही झोप एका ओळीच्या सेटिंगने बंद करता येते. मी लेहऱ्याच्या आधी एका आवर्तनाचा ठोका जोडून टाकला आहे. साउंड कार्ड त्यात जागे होते आणि मलाही लय धरायला त्रितालाच्या एका आवर्तनाच्या सोळा मात्रा मिळतात.

केवळ चित्रपट किंवा कीर्तनाचा व्हिडिओ पाहताना आवाज मागे-पुढे होत असेल, तर इतक्या खोलात शिरण्याचे कारण नाही. आईच्या लॅपटॉपवर जुन्या कीर्तनांच्या फाइली आहेत आणि त्यांतल्या काहींत आवाज मुळातच सरकलेला आहे. व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये फाइल चालू असताना 'जे' आणि 'के' या कळांनी आवाज दर वेळी ५० मिलीसेकंदांनी अलीकडे-पलीकडे करता येतो. बुवांच्या हातातल्या चिपळ्यांकडे पाहत दोन-तीनदा कळ दाबली की काम होते. लॅपटॉप दूरचित्रवाणी संचाला जोडल्यावर आवाज व चित्र विसंवादी झाले तर संचाची चित्र-सुधारणा बंद करून गेम मोड लावावा, कारण तिथे बहुधा चित्रच मागे राहिलेले असते.

त्या सहा आठवड्यांतली सहा मुद्रणे मी पुन्हा वाजवली नाहीत. प्रकल्पाच्या मूळ फाइली जपून ठेवलेल्या असल्यामुळे दोन्ही ट्रॅक अजून वेगळे होते. प्रत्येकात तबल्याचा ट्रॅक २०८ मिलीसेकंद अलीकडे ओढला, विलंब थोडाफार कमी-जास्त असेल तिथे समेचा आघात पाहून जुळवला आणि सगळी एकत्र करून गुरुजींना पाठवली. त्यांनी ती दोन दिवस ऐकली. चार मुद्रणांत लय ठीक असल्याचे सांगितले, आणि उरलेल्या दोहोंत द्रुतातल्या तिहाईच्या (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याच्या) आधी मी खरोखरच घाई करते हे दाखवून दिले. ती घाई २०८ मिलीसेकंदांच्या विलंबाखाली पूर्ण झाकली गेली होती. सध्या त्या तिहाईवरच काम चालू आहे.

एका बाबतीत मात्र मला हार मानावी लागली, ती म्हणजे प्रत्यक्ष ऑनलाइन शिकवणीत गुरुजींच्या ठेक्याबरोबर वाजवणे. कोल्हापूर आणि पुणे यांत सुमारे २३० किलोमीटरचे अंतर आहे आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा केवळ अंतरापायी जाणारा वेळ मिलीसेकंदापेक्षा थोडासाच अधिक होतो. बाकी सगळा विलंब दोन्ही घरांतले वायफाय, आवाजाची बांधणी आणि ठिकठिकाणच्या बफरांचा असतो, आणि तो इतका होतो की संभाषणाला पुरेसा पण तालाला अपुरा ठरतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकमेकांच्या टाळीशी टाळी जुळवायला लावली, तेव्हा विलंब वाढला की दोघांची लय हळूहळू मंदावत जाते असे आढळले. आमचेही नेमके तसेच होत होते. गुरुजी माझी वाट पाहत आणि मी त्यांची, आणि पाच-सहा आवर्तनांत मध्यलय विलंबिताकडे झुकत असे.

त्यावर गुरुजींनी काढलेला मार्ग असा, की लेहरा नेहमी माझ्याच खोलीत वाजायचा. माझ्या खोलीतून लेहरा आणि तबला एकत्र निघतात, दोघांनाही सारखाच उशीर होतो आणि पुण्याला ते जुळलेलेच पोहोचतात. यात एक काळजी घ्यावी लागते. लेहरा लॅपटॉपच्या स्पीकरवर लावला तर शिकवणीचा प्रोग्राम त्याला स्वतःचाच प्रतिध्वनी समजून काढून टाकतो, आणि प्रोग्राममधून संगणकाचा आवाज पाठवायची सोय वापरली तर लेहरा एका वाटेने आणि तबला दुसऱ्या वाटेने जाऊन पुन्हा अंतर पडते. म्हणून लेहरा फोनवर लावते, फोन वायरने लहान स्पीकरला जोडते, स्पीकर डग्ग्याच्या डाव्या बाजूला हातभर अंतरावर ठेवते आणि झूममध्ये मूळ आवाज तसाच पाठवण्याची सोय चालू करते. एकच मायक्रोफोन दोन्ही आवाज उचलतो. गुरुजी पलीकडे टाळी देत असतात. ती टाळी मला उशिराच ऐकू येते, म्हणून वाजवताना मी त्यांच्याकडून येणारा आवाज माझ्या बाजूला बंद ठेवते आणि आवर्तने संपल्यावर पुन्हा सुरू करते.